भिंगरी, आणि मागून रिक्षा

१२ जानेवारी २०२५, रविवार

भिंगरी विकायची. फायनल! बाबाने चहा पिता पिता सांगितलं, जसं काही गॅस बुक केलाय.

कारण आईचा गुडघा. १८ फेब्रुवारीला ऑपरेशन, उजवा बदलणार. डॉक्टर म्हणाले, नंतर सहा आठवडे रिक्षा बंद, खड्डे झेपणार नाहीत. घरी न्यायला आणि दर आठवड्याला दाखवायला गाडीच हवी, आणि गाडीची सीट निदान आईच्या गुडघ्याइतकी उंच हवी. बाबाने विचारलं, आमची स्पोर्ट्स कार आहे, चालेल? डॉक्टरांनी खिडकीतून खाली बघितलं. "ती लाल? मला वाटलं कुणीतरी मुलाची खेळण्यातली ठेवलीये."

भिंगरी २००२ ची आहे. गोव्यात बनलेली, फायबर बॉडी, कापडी टप, दोन सीट. अशा किती उरल्यात कुणाला माहीत नाही. माझ्याहून एक वर्षाने लहान. बाबाने मला गिअर टाकायला शिकवलं तेव्हा माझे पाय क्लचपर्यंत पोचत नव्हते, तो क्लच दाबायचा, मी गिअर टाकायचे.

सोसायटीत पार्किंग एकच. म्हणजे दोन गाड्या नाहीत.

मी खाली जाऊन भिंगरीत बसले. दोन तास.

१३ जानेवारी

नोंद म्हणून, नाहीतर विसरून जाईन. आमची सिस्टीम: तिघांना कुठे जायचं असेल तर बाबा आणि मी भिंगरीत, आई मागून रिक्षाने. लहानपणी मला रिक्षात उलटी व्हायची, तिथून सुरू झालं. मग तेच राहिलं. आई म्हणायची, "तुम्ही व्हा पुढे, मी येते मागून." आम्ही हॉलवर पोचायचो, लोक गाडीभोवती जमायचे, फोटोबिटो व्हायचे, की मग आई यायची. हातात आहेराची पिशवी. आहेर नेहमी तिच्याकडे, कारण भिंगरीला डिकी म्हणजे चपलेचं खोकं.

१४ जानेवारी

संक्रांत. आई लाडू वळत बसलेली, मी तिची शिवणाची टेप घेऊन जमिनीपासून गुडघा मोजला. सतरा इंच.

"ब्लाऊज शिवतेस की काय त्याला?"

मग खाली जाऊन भिंगरीची सीट मोजली. साडेतेरा. भिंगरी बाद. तसं ठरलेलंच होतं, पण आकड्यात बघितलं की जास्त लागतं.

नवीन गाडी मी शोधणार. बाबाने ऑफिशियली माझ्यावर सोपवलंय. त्याचं म्हणणं, त्याला आता कुठलीच आवडणार नाही, so त्याला विचारू नये.

१९ जानेवारी, रविवार

पहिलं गिऱ्हाईक. कल्याणचे उत्तमशेठ, जुन्या गाड्यांचा धंदा. खिशातून लोहचुंबक काढलं. पत्र्याला चिकटलं तर पत्रा, नाही चिकटलं तर आत पुट्टी, म्हणजे गाडी कुठेतरी ठोकलेली. बॉनेटला लावलं, पडलं. दाराला लावलं, पडलं. मागे गेले, तिथेही पडलं. मग चुंबक स्वतःच्या किल्लीला लावून बघितलं. चिकटलं.

बाबाकडे अशा नजरेने बघितलं की जणू घरात कुणी गेलंय.

"साहेब, वाईट वाटून घेऊ नका. ही गाडी नाहीये. ही पूर्ण पुट्टी आहे."

बाबा फायबर, फायबर म्हणत राहिला. ते मान डोलवत राहिले. भंगारचा भाव सांगून गेले. जाताना आईला म्हणाले, वहिनी, फसवलंय कोणीतरी तुम्हाला.

आई हसून हसून खुर्चीतून उठेना. नंतर कळलं, हसण्यामुळे नाही. गुडघ्यामुळे.

२५ जानेवारी

मिळाली!! वर्तकनगरला सलिल नावाचा मुलगा विकतोय. छोटी हॅचबॅक, निळी, टर्बो, मॅन्युअल, सस्पेन्शन खाली घेतलेलं, रेसिंगच्या सीट. बाहेर जातोय तो शिकायला, म्हणून विकतोय. मी चालवली. दुसऱ्या गिअरमध्ये जे काय होतं ना! मागे सीट आहे. चार जण बसतात. टेक्निकली फॅमिली कार.

टेप लावली. सीटच्या मधोमध सोळा. पण कडेला फोम वर आलाय, तिथे सतरा.

वहीत सतरा लिहिलं.

२६ जानेवारी

आईला गाडी दाखवायला वर्तकनगरला गेलो. म्हणजे बाबा आणि मी भिंगरीत, आई मागून.

आई बसली. म्हणजे आधी वाकली, मग सुटली. धप्प. रेसिंगची सीट दोन्ही बाजूंनी वर आलेली असते, त्यात ती बरणीत लिंबू बसावं तशी. म्हणाली, रंग छान आहे गं. मग उठायला गेली. पुन्हा गेली. सलिल म्हणाला, काकू, वरचं हँडल पकडा. वरचं हँडल त्याने वजन कमी करायला काढलेलं. शेवटी मी एक हात आणि बाबाने एक हात धरून ओढलं. तिचा चेहरा पांढरा झालेला, पण तोंडाने "अरे व्यायाम झाला" वगैरे.

घरी आल्यावर म्हणाली, "श्रिया, तुला आवडलीये ना, घ्या. मी काय, सहा आठवडे घरात बसेन. डॉक्टरांना व्हिडिओवर गुडघा दाखवू."

बाबा माझ्याकडे बघत होता. वही माझ्याच हातात होती.

२७ जानेवारी

ते सतरा नव्हतं. सोळा होतं. सांगितलं दोघांना.

आई म्हणाली, "मला बसल्या बसल्या कळलेलं."

१ फेब्रुवारी

शोरूम. पांढरी, उंच, डबा. सीट तेवीस इंच. चालवायला कशी? फ्रिजला चाकं लावून चालवल्यासारखी. वळणावर कलते आणि मग विचार करते. सेल्सवाली सोनल म्हणाली, मॅडम, कप होल्डर सहा आहेत. मी विचारलं, पिकअप? तिने सहा कप होल्डर परत दाखवले.

आईने पाठ टेकवली, पाय आत घेतले. आवाज नाही, हँडल नाही, कुणाचा हात नाही. खुर्चीत बसावं तशी बसली. समोरची काच हाताने पुसल्यासारखं केलं.

"इथून पुढचं सगळं दिसतं की!"

बुक केली. पांढरीच. दुसऱ्या रंगाला महिना लागणार होता.

२ फेब्रुवारी, रविवार

डोंबिवलीहून संदेश आणि त्याची बायको योगिनी आले, भिंगरी बघायला. संदेशने चुंबक आणलं नव्हतं. मार्क मिळाले. त्याने आधी टप उघडला, बंद केला, उघडला. मग खाली झोपून गाडीच्या पोटाकडे बघत राहिला. बाबा त्याच्या शेजारी झोपला. अर्धा तास आम्हाला दोन पँटीच दिसत होत्या.

वर पोहे खाताना योगिनीने आईला विचारलं, "काकू, दोनच सीट आहेत. मग तुम्ही कुठे बसायचात?"

"रिक्षात," आई म्हणाली. "मागून."

सगळे हसले. योगिनी नाही हसली. ती संदेशला म्हणाली, "ऐकलंस? मी नाही हं बसणार मागून." तो म्हणाला, अगं आपण दोघंच तर आहोत. ती म्हणाली, आत्ता आहोत.

सौदा ठरला. मीपण हसलेले. आई अजून पोहे आणायला उठत होती, एक हात टेबलावर, एक भिंतीला.

९ फेब्रुवारी

भिंगरी गेली.

आई म्हणाली, घरातून चाललीये, रिकामी कशी पाठवायची? ओटी भरायची. बाबा म्हणाला, शुभदा, गाडीची ओटी? मग तोच विचारायला लागला की ड्रायव्हर सीटवर भरायची की बाजूच्या. दहा मिनिटं चर्चा. शेवटी बाजूच्या सीटवर. तांदूळ, नारळ, ब्लाऊज पीस, हळदकुंकू. आई दारातून आत वाकली आणि तशीच थांबली, सीटवर हात ठेवून.

"बरीच खाली आहे गं."

बावीस वर्षं गाडी घरात होती. मी म्हटलं, हो, साडेतेरा.

संदेशने नारळाला सीटबेल्ट लावला. बाबा गेटपर्यंत चालत गेला, मग गेटच्या बाहेर, मग कोपऱ्यापर्यंत. परत आला तेव्हा हातात चामड्याचं पॉलिश होतं, द्यायचं राहिलेलं. कुरिअर करायला सांगितलंय मला.

१५ फेब्रुवारी

पांढरी आली. हार घातला, चाकाखाली लिंबं. नाव काही सुचत नाहीये. बाबा तिला "गाडी" म्हणतो.

१८ फेब्रुवारी

ऑपरेशन झालं. नीट झालं. शुद्धीवर आल्यावर आईचा पहिला प्रश्न, तुम्ही दोघं जेवलात का.

नव्हतो.

२२ फेब्रुवारी, शनिवार

डिस्चार्ज. आई पुढे बसली, आरामात. मागे वॉकर, कमोडची खुर्ची, उशा, तीन पिशव्या. पाच सीटची गाडी फुल. मी म्हटलं, तुम्ही व्हा पुढे, मी येते मागून.

रिक्षा केली. उलटी नाही झाली. फक्त रिक्षावाल्याची पाठ दिसते, बाकी काही नाही.

नितीन कंपनीच्या सिग्नलला ते निघून गेले, मी अडकले. सिग्नल सुटल्यावर बघते तर पांढरी गाडी पुढे कडेला उभी, चारही इंडिकेटर चालू. खिडकीतून आईचा हात बाहेर. माझी रिक्षा दिसली तेव्हा हात आत गेला आणि गाडी निघाली.

घरी बाबाला विचारलं, का थांबलेलात? म्हणाला, "आईने थांबवलं. म्हणाली, ती मागे राहिलीये."

बावीस वर्षांत आम्ही एकदाही थांबलेलो नाही.