आईच्या हातचं विणकाम

कुंडल,
शुक्रवार, २२ ऑगस्ट

प्रिय स्वप्नाली,

परवा फोनवर तू विचारलंस, "आईला कुठली सुई लागते? मी नवा सेट मागवतेय." त्याचं कामापुरतं उत्तर एका कागदावर लिहून आईच्या सामानाच्या पिशवीत सगळ्यात वर ठेवलंय. हे त्याच प्रश्नाचं दुसरं उत्तर. लांबेल. फोनवर मी सांगायला लागले की तुला कुठेतरी जायचं असतं, आणि समोर असलीस की माझ्या तोंडून शब्द फुटत नाही, हे तुलाही ठाऊक आहे.

तो सेट मागवू नकोस. मखमली पाकीट, त्यात टोकं वेगळी, वायरी वेगळ्या, हवं ते टोक हव्या त्या वायरीला पिळून बसवायचं. दिसायला देखणा असतो. मीही तसलाच घेतला होता. तिसऱ्या दिवशी आईने टोक पिळून काढलं आणि गोळी चघळावी तसं तोंडात धरून बसली. मी बोट घालून ते बाहेर काढलं. तेव्हापासून जिची टोकं वायरीपासून सुटत नाहीत अशी अखंड सुईच मी वापरते.

तुला आई आठवते ती सरळ सुयांची. आबांच्या पठाणकोटच्या लष्करी क्वार्टरमध्ये शेजारच्या सरदारणीकडून ती शिकली तेव्हा तू तीन वर्षांची होतीस, मी बारा. दोन स्टीलच्या सुया काखेत दाबून, न बघता, दूधवाल्याशी बोलत ती विणायची. कुणीतरी तिला पहिल्यांदा गोल सुई दाखवली, मधे वायर असलेली, तेव्हा तिने नाक मुरडलं होतं. "ज्यांना दोन सुया धरता येत न्हाईत, त्यांच्यासाठी हाय ते." आबांनी ते वाक्य पलटणभर सांगितलं. आबा गेले त्या वर्षी तिने तुझ्या लग्नातल्या शालीच्या उरलेल्या लोकरीचा स्वेटर विणायला घेतला आणि त्याला तीन बाह्या विणल्या. आपण हसलो. तू ऑफिसमध्येही सांगितलंस. मग जोडीतली एक सुई हरवायला लागली. कधी पिठाच्या डब्यात सापडायची, कधी तुळशीच्या मातीत खोचलेली, एकदा तिच्याच अंथरुणात, टोक वर करून. सुई सापडेपर्यंत ती उरलेली हातात धरून दारात उभी राहायची आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारायची, "हिची जोडीदारीण बघितलीसा का?"

म्हणून गोल सुई. दोन्ही टोकं एकाच वायरीला, हरवायची म्हटली तरी एकटी हरवत नाही. सांगलीला मारुती रोडवर एका दुकानातून पहिली आणली ती स्टीलची, शंभर सेंटिमीटरची. चुकलंच माझं. स्टीलवरून टाके घसरून खाली पडायचे. वायर इतकी लांब की टाके कितीही ओढले तरी दोन टोकं एकमेकांना भेटायची नाहीत. वायर नेहमी विणकामाच्या घेरापेक्षा थोडी आखूड हवी, हे मला तेव्हा कळलं. शिवाय नवी वायर वेटोळं घालून बसते. आईने ते पाहिलं आणि साप म्हणून अंगणात भिरकावलं. आता नवी सुई आणली की मी आधी वायर गरम पाण्यात मिनिटभर बुडवते, सरळ करते आणि मगच तिच्या हातात देते. मग चाळीसची आणली, तर तिची टोकं इतकी तोकडी की आईची बोटं आखडायची. शेवटी बांबूची, साठ सेंटिमीटरची, आठ नंबर. बांबू टाका धरून ठेवतो, हाताला गार लागत नाही, आणि सुई कुणाला टोचलीच तर फार लागत नाही. बांबू आणि वायर जिथे जुळतात तिथे नखाने चाचपून बघायचं. तिथे कंगोरा असला की लोकर अडकते, आणि लोकर अडकली की आई रडते.

टाके तू घालायचेस, एकशे चाळीस. ते तिला आता जमत नाही. मग सुई टेबलावर ठेवून बघायचं, सगळ्या टाक्यांचा खालचा काठ आतल्या बाजूला आहे ना. एक जरी पिळा राहिला आणि तसंच जोडलंस तर सगळं विणकाम पिळवटतं, आणि ते नंतर कशानेही सुधारत नाही, उसवावंच लागतं. जोडलंस की सुरुवातीला लाल दोऱ्याची गाठ मार. पहिल्या दोन फेऱ्या तू विण आणि मग तिच्या मांडीवर दे. ती सुलट टाका विसरलेली नाही. उलट विसरली. सरळ सुयांवर ओळ संपली की काम पलटावं लागायचं, आणि पलटलं की तिला कळायचं नाही आपण कुठल्या बाजूला आहोत. घाम फुटायचा. गोल सुईवर ओळ संपतच नाही. नुसता सुलट, गोल गोल. दोन-दोन तास ती शांत बसते. तेवढ्यात माझा स्वयंपाक होतो, तिचे कपडे-चादरी धुऊन होतात, मी अंघोळ करते.

तर स्वप्ना, आई आता हे विणते. एक नळी. तिला गळा नाही, बाह्या नाहीत, शेवट नाही. हातभर झाली की दुपारी ती झोपल्यावर मी उसवते, लोकर धुऊन वाळत घालते आणि परत टाके घालते. चार वर्षं तीच निळी लोकर चाललीय. एकदा ती लवकर उठली आणि मला उसवताना बघितलं. "माझ्या लेकीचं स्वेटर उसवतीस व्हय गं," म्हणाली आणि शेजारची सुई उचलून माझ्या मनगटावर मारली. तेव्हा जुनी स्टीलची घरात होती. मेमध्ये खंडाळ्याच्या लग्नात तू विचारलंस ना हा व्रण कसला, आणि मी कुकरची वाफ म्हणाले. तो हा.

आता तुझ्या मनात जे आलं असेल त्याचं उत्तर देते. तुझ्या उत्कर्षाचा गुलाबी झबला-स्वेटर, कान झाकणारी टोपी, गेल्या थंडीतला तो पिवळा, ज्याच्या छातीवर बदकं आहेत, ते सगळं मी विणलं. उत्कर्षा झाली तेव्हा तू फोनवर विचारलंस, "आई विणतेय ना गं काहीतरी?" त्या दिवशी सकाळी आईने स्वतःच्या हाताने जेवायचं सोडलं होतं. मी म्हटलं, "हो, विणतेय." मग विणणं भाग होतं. आई गळ्यापाशी दोन टाके एकमेकांवरून घ्यायची, डावा वरून. मी तिचे जुने स्वेटर समोर ठेवून ते उचललं. तिची थोडी सैल वीणही उचलली, माझा हात मुळात घट्ट आहे. चिठ्ठी मीच लिहिली, "आजीकडून". तू फोटो टाकलेस, "आजीच्या हातची ऊब", आणि खाली मीसुद्धा लाल बदाम दिला.

का केलं, हे मी स्वतःला बऱ्याचदा विचारलंय. आईचा मान राहावा म्हणून, असं मी बरेच दिवस समजत होते. ते अर्धं खरं आहे. उरलेलं अर्धं हे, की मला वाटलं असं काही हातात आलं की तू धावत येशील. सातारा ते कुंडल अडीच तासांचा रस्ता. पण तू उलटंच वाचलंस. आई विणतेय म्हणजे आई बरी आहे. चार वर्षांत तू पाच वेळा आलीस, एकदाही मुक्कामाला नाही. व्हिडिओवर ती कुणालाही मान डोलावते आणि "बरी हाय मी, तुमी बरी हाय का" म्हणते. बँकेतून फोन आला तरी तेच म्हणते. मी डॉक्टरांचं सांगितलं की तू म्हणायचीस, "ताई, तू फार ताण घेतेस." शाळेतली नोकरी मी सोडली तेव्हा म्हणालीस, "बरं झालं, तुला जरा विश्रांती."

मेमधलं खंडाळ्याचं लग्न तू विसरली असशील. मी विसरणार नाही. आईला राहीबाईंच्या भरवशावर टाकून मी एका दिवसासाठी आले होते. शेजारी आहेत म्हणून त्यांनी सांभाळलं. पंगतीत तू मोबाइलवर तो बदकांचा स्वेटर सगळ्यांना दाखवत होतीस. आणि मला ऐकू येईल अशा आवाजात म्हणालीस, "जिचं डोकं गेलंय म्हणते ही, ती असं विणेल का? ताईला आई कुणाला भेटू द्यायची नाहीय." नानासो मामांनी ताटावरून मान वर करून माझ्याकडे बघितलं. "राजे, म्हातारीला कोंडून ठेवतीस म्हनं. बरं न्हवं हे." तुझा नवरा, विश्वजित, खाली बघत भात कालवत राहिला. त्याने गेल्या दिवाळीत आईला दाराच्या कडीशी झटताना बघितलं होतं. कडी मी का लावते हेही त्याला सांगितलं होतं, ती दोनदा कॅनॉलपर्यंत गेली होती म्हणून.

मला बोलता आलं असतं. एक वाक्य पुरेसं होतं, तो स्वेटर मी विणलाय. पण मग चाळीस माणसांसमोर पुढचंही सांगावं लागलं असतं, तिला लुगडं सावरता येत नाही, तिला जागेवर होतं, ती भिंतीशी भांडते. ज्या बाईने आयुष्यभर पदर ढळू दिला नाही तिचं मी पंगतीत काय काय उघडं करू? मी जिलबी तशीच ठेवून उठले आणि दुपारची एसटी धरली. तू मागून आली नाहीस.

त्यानंतर आठवड्याभरातली एक गोष्ट सांगते. ती कागदावर लिहिलेली नाही. दुपारी मी तिचे केस विंचरत होते. ती मला "बाई" म्हणते, दीड वर्ष झालं. कामाला ठेवलेली बाई. राहीबाईंना सांगते, "बाई चांगली हाय, पन लय कडक." त्या दिवशी बरी होती, तुझ्याबद्दल बोलत होती. माझी स्वप्ना साताऱ्याला असते, लय हुशार, कवा येनार कुणास ठाऊक. मला राहवलं नाही. विचारलं, "आणि थोरली?" तिची सुई फिरत राहिली. मग म्हणाली, "ती मेली असंल वो, बाई. नायतर एवढ्या वर्षात आली नसती व्हय?" मी वेणी घातली, रिबीन बांधली आणि मोरीत जाऊन नळ सोडून उभी राहिले.

हे ऐकून तुला स्वतःबद्दल काही बरं वाटायच्या आत सांगते. तुझा फोटो मी तिला रोज दाखवते. ती विचारते, "ही कोन?" तिच्या मनातली स्वप्ना सात-आठ वर्षांची आहे, दोन वेण्यांची. तू दारात उभी राहिलीस तर ती तुला पदर सावरून "या" म्हणेल, आणि संध्याकाळी तुलाच विचारेल की माझी स्वप्ना शाळेतून आली नाही का अजून.

परवा दिवशी, रविवारी, तू गाडी घेऊन येणार आहेस आईला न्यायला. मामांना सांगितलंस की ताई भांडेल, तुम्हीही चला. मी भांडणार नाही. तिची औषधं, रबरी चादरी, दोन सुया, निळी लोकर सगळं भरून ठेवलंय. वरच्या कागदावर तिच्या सोयीचं सगळं आहे, म्हणजे तिचे हाल होणार नाहीत. हे पत्र मात्र मी मुद्दाम तिच्या थंडीच्या कपड्यांच्या तळाशी ठेवतेय. तुला ते सापडेल तोवर चार-सहा दिवस तरी गेले असतील, कदाचित जास्त. आधी सांगून तुला पटलं नसतं, आणि खरं सांगायचं तर मला आधी सांगायचंही नव्हतं. तेवढे दिवस तुझे तुला पुरते मिळावेत असं मला वाटलं. ह्यात सूड किती आहे ते मी मोजलेलं नाही. सोमवारी मी कवठे महांकाळला एका मुलींच्या वसतिगृहात रुजू होतेय, अधीक्षक म्हणून, राहायची सोय तिथेच. हे वाचून झालं की तू मला फोन करशील. रडशील, माफी मागशील, आणि मग म्हणशील, "ताई, तू तिला परत घेऊन जा, तुलाच जमतं." मला त्याच फोनची भीती आहे, कारण तू म्हणालीस तर मी त्याच दिवशी नोकरी सोडून साताऱ्याची एसटी पकडेन. मला नाही म्हणता येत नाही, कधीच आलं नाही, आणि त्यावर तुमचं सगळ्यांचं निभावलं. तेवढ्यासाठीच हे एवढं लिहिलं. तो फोन करू नकोस. आई कशी आहे ते कळव, काही अडलं तर विचार, मी सांगेन. पण परत घेऊन जा एवढं मला म्हणू नकोस.

तुझीच, अजून तरी,
राजेश्वरीताई