बेटावरच्या झाडाला पाणी

असोदा, अखाजीनंतरचा सोमवार, १९८९

मी ज्यांच्याकडे कामाला आहे त्या शेठजींचं झुडूप वाचेल असं वाटत नाही. बुंधा काळा पडलाय. दूरच्या कुठल्या बेटावरचं, कोरड्यात फुलणारं, त्यांच्या बागेत जगलेलं हे एकच. मारवाडात लग्नाला जाताना कुंडी माझ्या भरवशावर ठेवली आणि बजावलं, उन्हाळ्यात याला पाणी म्हणजे विष. रविवारी परत येतील.

पण आई रोज तुळशीनंतर यालाही तांब्याभर घालते. वडिलांना जाऊन वर्ष झालेलं नाही. अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पितरांना पाणी देतात, तसं वैशाखातलं हे रोजचं पाणी त्यांच्या नावाचं.

सांगून पाहिलं. म्हणाली, "चारी बाजूनं समुद्र, अन् याले पाणी चालत नही? इचार तुझ्या शेठले."

"तुळशीलाच घाल ना सगळं."

"तुळशीचं माझं. हे त्याईचं. त्याईले तहानलं ठेवू का, भाऊ?"

वडिलांना पाणी पोचतं हे मीही मानतो. आणि बुंधा काळा पडलाय, तोही रोज बघतो. कुंडी लपवावी, तर ती घरभर शोधत फिरेल.

आज सकाळी तिचे गुडघे धरले होते. तांब्या माझ्या हातात दिला. "आज तूच घाल."

अंगणात शेठजींच्या कुंडीपाशी गेलो. ती ओट्यावरून पाहत होती. वडिलांचं नाव घेतलं आणि पाणी घातलं.