त्वचेचा विषय

३ मार्च, सोमवार
पुन्हा रक्त! पाठीवर हात पोहोचेना, म्हणून खाजवायला लाकडी पट्टी वापरली. पस्तीस वर्षे वर्गात जिने रेषा काढल्या, तीच.

त्वचेच्या डॉक्टरांचे पाचवे मलमही निकामी. तक्ता मात्र चोख आहे: तारीख, जागा, तीव्रता शून्य ते दहा. आज दहा. खरे तर अकरा, पण तशी सोय ठेवलेली नाही.

बायको म्हणाली, "अहो, आता तक्त्यालाच मलम लावा!" हसलो.

५ मार्च, बुधवार
डायलिसिस. सुया टोचलेला हात चार तास हलवायचा नाही, आणि खाज नेमकी त्याच दंडावर! शेजारच्या खाटेवरचे शिंपीकाका म्हणाले, "मास्तर, दातओठ कोणावर खाताय?"

७ मार्च, शुक्रवार
निर्णय झाला. मुद्देसूद मांडतो. डायलिसिस थांबवले तर किती दिवस उरतील, याचा अंदाज करता येतो. ही खाज किती वर्षे चालेल, याचा येत नाही. सोमवारचे शेवटचे. रविवारी हिला सांगेन.

९ मार्च, रविवार
सांगितले नाही.

१० मार्च, सोमवार
सिस्टरने बाही वर केली आणि थबकली. "सर, हे काय? कधीपासून?"

"आठ महिने. उपचार चालू आहेत. त्वचेच्या डॉक्टरांकडे."

"आणि इथे एका शब्दानं बोलला नाहीत?"

"त्वचेचा विषय इथे कशाला?"

तिने कपाळावर हात मारला. "अहो, ही खाज किडनीमुळेच आहे! इथल्या कितीतरी जणांना असते."

शिंपीकाका उठून बसायला निघाले. "मलाही आहे की! मी आपला साबण बदलत बसलो."

वजन, रक्तदाब, पायांची सूज — सगळे दर खेपेला न चुकता सांगितले. खाज तेवढी नाही. विषयवार वेगळ्या वह्या ठेवायला लावणारा मी!

किडनीच्या डॉक्टरांनी समजावले: रक्तात साचलेली द्रव्ये आणि बिथरलेल्या नसा, दोन्हींचा यात हात. किती स्वच्छ उलगडा! फॉस्फरस तपासणार. अंघोळीनंतर अंग ओलसर असतानाच साधे क्रीम. डायलिसिसनंतर नसा शांत करणारी एक लहानशी गोळी.

शुक्रवारपर्यंत वाट पाहतो. त्यापुढे नाही.

१३ मार्च, गुरुवार
सकाळी हिने गदागदा हलवून उठवले. चेहरा पांढराफटक. "अहो! रात्रभर खाजवल्याचा आवाज नाही, म्हणून मला वाटलं —"

म्हणजे आठ महिने हीसुद्धा जागीच होती.