मावशीची अळंबीची जागा आणि आमची तिजोरी

लुंड,
सप्टेंबरचा पहिला सोमवार

तीर्थस्वरूप गुनवोर मावशीस, तुझ्या थोरल्या भाच्याचा, म्हणजे हेनिंगचा, कमरेत वाकून नमस्कार.

कमरेत वाकण्यावरून आठवलं, तुझा नवा खुबा कसा आहे? (जुन्याची चौकशी करत नाही, तो कुठं गेला ते इस्पितळवाल्यांना ठाऊक.) तुला व्यायाम शिकवायला येते ती बाई फोनवर सांगत होती की खुबा अगदी झकास बसलाय, फक्त त्याची मालकीण खुर्चीतून उठत नाही. ऑपरेशन झाल्यापासून तू म्हणे फाटकाबाहेर पाऊल टाकलेलं नाहीस. मी विचारलं तर म्हणालीस, "बाहेर बघण्यासारखं काय आहे? एस्किलचं गवत?" शेजारच्या एस्किलचं गवत बघण्यासारखं नाही हे मला मान्य आहे. पण सबंध वसंत आणि सबंध उन्हाळा तू खिडकीशी बसून काढलास याची मला काळजी वाटते. ही काळजी मी मुद्दाम पत्रात लिहितो आहे, कारण फोनवर कुणी काळजी करायला लागलं की तू "उतू चाललंय" असं सांगून फोन ठेवतेस. दर वेळी काय उतू जातं ते एकदा विचारायचं आहे.

इकडं सगळं ठीक. तुझ्या सूनबाईचा, एब्बाचा, खोकला थांबला. तिनं तुला विचारलंय आणि तू पाठवलेले मोजे तिला सैल होतात म्हणून मी वापरतो आहे, हेही कळवायला सांगितलंय.

आता मुद्द्याकडं येतो. गेल्या आठवड्यात तू फोनवर दोन गोष्टी बोललीस. एक अशी की ऐंशीव्या वाढदिवसाला फेटलेल्या सायीचा केक नको, भाषणं नकोत, आपल्या जागेवरची पिवळी अळंबी लोण्यात परतून भाजलेल्या पावावर हवीत, आणि ती येत्या शनिवारी मी तोडून आणायची. दुसरं तू विचारलंस, "सांगितलेलं नीट जपून ठेवलंयस ना रे?" मी "हो" म्हणालो. ते उत्तर खरं आहे. जरा जास्तच खरं आहे, म्हणून हे पत्र.

ती जागा तू मला कशी सांगितलीस ते मी जन्मात विसरणार नाही. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी नर्सला बाहेर काढलंस, दार लावायला लावलंस आणि मला कान जवळ आणायला सांगितलंस. आपल्याकडं माणूस आपलं दुखणं सांगेल, नवऱ्याच्या भानगडी सांगेल, पण अळंबीची जागा सख्ख्या बहिणीला सांगणार नाही. (माझ्या आईला तू ती शेवटपर्यंत सांगितली नाहीस. तिनंही तिची तुला सांगितली नाही. दोघी एकाच रविवारी भरलेल्या टोपल्या घेऊन वेगवेगळ्या दिशांनी घरी यायचात आणि एकमेकींच्या टोपलीकडं न बघितल्यासारखं करायचात.) सगळ्या भाचरांत तू मला निवडलंस म्हणून मी आभार मानायला लागलो, तर तू म्हणालीस, "नाक पूस आणि लक्ष दे. दुसऱ्यांदा सांगणार नाही."

आता मला सांग, असं गुपित मिळाल्यावर माझ्या धंद्यातला माणूस काय करील? डोक्यात ठेवील? डोकं ही आमच्या मते अत्यंत बेभरवशाची जागा. मी ते आमच्या तिजोरीत ठेवलं.

तू गावात सगळ्यांना "हेनिंग फोन दुरुस्त करतो" असं सांगतेस, ते मी इतकी वर्षं चालवून घेतलं. पण आज समजून घे. फोनच्या आत एक चिप असते आणि त्या चिपमध्ये दोन जगं असतात. (हे मी रंगवून सांगत नाही, आमच्याकडं त्यांना खरोखरच जग म्हणतात.) एक साधं जग. तिथं खेळ, जाहिराती, मांजरांची चित्रं, जो तो जो येईल त्याला आत घेतो, भरवसा कुणाचाच नाही. दुसरं सुरक्षित जग. ते लहानसं, दोनचार खोल्यांचं, तिथं मोजकी मंडळी, विचारल्याशिवाय कुणी बोलत नाही, आणि विचारलं तरी कामापुरतं. थोडक्यात, साधं जग म्हणजे स्टॉकहोम आणि सुरक्षित जग म्हणजे तू. मी त्या दुसऱ्या जगाची भिंत, दार आणि तिजोरी बांधतो. पगार देणारी कंपनी लुंडमध्ये आहे, पण बांधणारे जगभर पसरलेले आहेत, आणि आम्ही लिहिलेली प्रत्येक ओळ कुणालाही फुकट वाचता येते.

इथंच तू मला नाताळात अडवलं होतंस. "म्हणजे कुलूप कसं बनवलंय ते तुम्ही साऱ्या जगाला दाखवता? चोरांनासुद्धा?" आणि तू सगळ्यांकडं असं बघितलंस की बिचाऱ्याला अजून एक बटाटा वाढा. हो मावशी, चोरांनासुद्धा. कुलूप सगळ्यांनी बघावं, ठोकून बघावं, त्यातली चूक काढावी. किल्ली मात्र प्रत्येक चिपची निराळी. ती कारखान्यातच आत कोरलेली असते आणि बाहेर कधीच येत नाही, अगदी आम्हालाही दिसत नाही. एस्किलला तू अळंबी कशी परततेस ते खुशाल सांगतेस ना? तसंच आहे. कृती उघडी, जागा बंद.

तर तुझी जागा मी माझ्या टेबलावरच्या, चिप बसवलेल्या चाचणीच्या बोर्डात, माझ्याच तिजोरीत ठेवली. कुणी म्हणेल, असली मौल्यवान गोष्ट चाचणीच्या बोर्डात कशाला? तर आमच्यात अशी रीत आहे की आपण रांधलेलं आधी आपण खायचं. स्वतःच्या तिजोरीवर ज्याचा भरवसा नाही, त्यानं ती लोकांना देऊ नये. मी हे दरवर्षी नव्या मंडळींना छाती काढून सांगतो. (यंदा सांगणार नाही.)

आता घोटाळा ऐक. काम चालू असताना खऱ्या किल्लीची अडचण होते, म्हणून आमच्या बोर्डावर आम्ही खोटी किल्ली वापरत होतो. नुसती शून्यं. पायपुसण्याखाली किल्ली ठेवावी, त्यातला प्रकार, आणि तो तात्पुरता होता. तात्पुरता म्हणजे सगळे विसरेपर्यंत. मे महिन्यात ऊलूच्या तापिओ नावाच्या गृहस्थाला ते दिसलं. त्यानं दुरुस्ती लिहून पाठवली की यापुढं तिजोरीनं चिपमधली खरी किल्ली वापरावी. आमच्यात कुणाचीही दुरुस्ती आपोआप घेतली जात नाही. दुसऱ्यानं ती वाचायची, शंका काढायच्या, पटली की खाली आपलं नाव घालायचं, आणि मग ते नाव तिथं कायमचं राहतं. वाचणारा होतो मी. तापिओला मी ती दुरुस्ती तीनदा परत पाठवली. एकदा ओळ लांब झाली म्हणून, एकदा दोन शब्दांमध्ये एक जागा जास्त सुटली म्हणून आणि एकदा त्याचं इंग्रजी कोरडं वाटलं म्हणून. (तापिओ फिनलंडचा, त्यामुळं तो चिडला की नाही हे कळायला मार्ग नाही.) चौथ्यांदा मी खूश होऊन नाव घातलं आणि बोर्डात ती दुरुस्ती चढवली. जुन्या किल्लीनं बंद केलेलं नव्या किल्लीनं कसं उघडणार, हा प्रश्न मला विचारायचा राहून गेला. जागा जास्त सुटल्याचं मात्र बरोबर दिसलं.

तुझा तो फोन झाल्यावर मी शनिवारच्या तयारीनं तिजोरी उघडायला गेलो. उघडेना. शेजारच्या टेबलावर वेंडेला बसते, आमच्यातली सगळ्यात हुशार आणि सगळ्यात निर्दय. तिला म्हणालो, "वेंडेला, माझी वस्तू उघडत नाहीये."

"उघडायलाच नको ती," ती वेलदोड्याचा बन खाता खाता म्हणाली.

"अगं, पण उघडणारा मी आहे."

"ते तिला काय माहीत?"

हे आमचंच घोषवाक्य. मग तिनं खुर्ची सरकवून बघितलं, बन खाली ठेवला आणि म्हणाली, "हेनिंग, उघडत नाही असं नाहीये. आत काही नाहीच आहे. नवी किल्ली जुळेना, तेव्हा तिजोरीला वाटलं वस्तूशी कुणीतरी छेडछाड केली. तिनं ती नष्ट केली."

"असला आचरट नियम लिहिला कुणी?"

आमच्याकडं कोणती ओळ कुणी लिहिली ते लगेच बघता येतं. वेंडेलानं बघितलं, पडदा माझ्याकडं वळवला आणि बन पुन्हा उचलला. तिथं माझं नाव होतं, आणि त्याखाली माझ्याच हातची टीप: शंका आली तर नष्ट करावे, मालकाकडे दुसरी प्रत असतेच.

मावशी, वेंडेलानं मला कॉफी आणून दिली, आणि ती कधी कुणाला कॉफी आणून देत नाही, यावरून तुला माझ्या तोंडाची कल्पना येईल.

पुढचं सांगायला लाज वाटते, पण तुला दुसरीकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं. आमच्यात चूक सापडली की ती सगळ्यांसमोर मांडावी लागते. काय हरवलं आणि कसं, ते मी चारचौघांत लिहिलं, म्हणजे साऱ्या जगात. 'वैयक्तिक माहिती' एवढंच लिहून मी सुटायला बघत होतो, पण कुणीतरी विचारलं कसली माहिती, त्याशिवाय चूक कशी समजणार, आणि खोटं लिहायची सोय नव्हती. त्यामुळं एका स्वीडिश माणसानं आपल्या मावशीची अळंबीची जागा हरवली, हे आता ब्राझीलपासून तैवानपर्यंत माहीत आहे. (जागा कुणालाच माहीत नाही. तेवढं आमच्या तिजोरीचं यश मान्य कर.) लोक फार चांगले वागले. फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतातल्या एकानं अळंबीत लोण्याऐवजी साय घालावी असा सल्ला दिला, त्यावर चर्चा भरकटून तीन पानं झाली. तापिओनं एका ओळीत दुःख कळवलं आणि दुसऱ्या ओळीत तालुका कोणता ते विचारलं. मी उत्तर दिलेलं नाही.

शेवटी वेंडेलानं एक चाचणी लिहिली. यापुढं कुणीही, कुठूनही, काहीही बदल केला, तरी आधी यंत्र बघणार की जुन्या किल्लीनं ठेवलेली वस्तू नव्या किल्लीनं शाबूत मिळते की नाही. नाही मिळाली तर बदल परत. त्या चाचणीचं नाव तिनं 'गुनवोर' ठेवलंय. मला न विचारता. दिवसातून कितीदा तरी ती चालते, आणि गेल्या शुक्रवारी एका मोठ्या, नाव न सांगण्यासारख्या कंपनीचा अख्खाच्या अख्खा बदल तिनं परत पाठवला. पडद्यावर लाल अक्षरांत आलं: गुनवोरने नाकारले. वेंडेला म्हणाली, तुझ्या मावशीला भेटल्यासारखं वाटलं.

असो. पत्र फार लांबलं. शनिवारचं काय करायचं ते बघू. तब्येतीला जप, त्या व्यायामाच्या बाईला घालून पाडून बोलू नकोस, ती फाटकापाशी रडत होती असं एस्किल म्हणतो (तो म्हणतो म्हणजे निम्मं धर). घरातल्या लहानथोरांत तुझ्याकडं फक्त मांजर आहे, त्याला माझे आशीर्वाद.

तुझाच,
हेनिंग

ता. क. शनिवारबद्दल सरळच लिहितो. जागा मला पुन्हा सांग असं मी म्हणणार नाही, दुसऱ्यांदा सांगणार नाही हे तू आधीच बजावलंयस. आमच्या धंद्यातही पहिला नियम हाच की गुपित आतून बाहेर काढायचं नाही, काम गुपिताच्या मालकानं स्वतः करायचं. तेव्हा तूच चल. मी सकाळी गाडी घेऊन येतो. तू पुढं बस, आणि वळण आलं की डावं किंवा उजवं एवढंच म्हण. एब्बा मागं बसून डोळे मिटून घेईल, तिनं तसं कबूल केलंय.

ता. क. २. खुबा दुखतो, बूट घालता येत नाहीत, पाऊस पडेल, मांजराला कोण बघणार, ही चारही उत्तरं मी आत्ताच नामंजूर करून ठेवतो. नसशील येत, तर मला एस्किलला विचारावं लागेल. त्याला म्हणे साधारण अंदाज आहे.

ता. क. ३. एब्बानं आत्ता हे पत्र वाचलं आणि ती म्हणते, हा लबाडपणा झाला, खरं लिही. तर खरं लिहितो. तिजोरीनं नष्ट केलं ते सगळं खरं आहे, पण कानात सांगितलेलं कुठं जातं मावशी. शब्दन् शब्द लक्षात आहे. काल मी जाऊन आलो. शेवाळात पिवळं धमक पसरलंय, यंदा पीक चांगलं आहे. एकही तोडलेलं नाही. एस्किलला दिसू नये म्हणून वर स्प्रूसच्या फांद्या टाकून आलोय, पण शनिवारनंतर ती टिकणार नाहीत. रस्त्यापासून वाट सपाट आहे. मध्ये तो एक ओढा आहे ना, त्यावर मी दोन फळ्या टाकल्यात आणि कडेला धरायला दोर बांधलाय. फळ्यांवर मी उड्या मारून बघितल्या. तू काठी घेऊन ये.