तुमची हजेरी कमी आहे

बाबा, मंगळवारी दुपारी माझ्या खाणावळीत जेवायला येणाऱ्या एका मुलीने मला तुमची गोष्ट सांगितली. ती गोष्ट माझीच आहे हे तिला ठाऊक नव्हतं. दाभोळकडची मुलगी, दुसऱ्या वर्षाला आहे. वडील बोटीवर जातात, आई बाजारात म्हावरं विकते. गणपतीला घरी गेली तर आईला कावीळ झालेली, म्हणून महिनाभर आईच्या जागी हीच टोपली घेऊन बसली. परत आली तर ऑफिसात परीक्षेचा फॉर्म घेईनात. ताटावर भाताला हात न लावता बसून होती. "काय झालं गो?" मी विचारलं. म्हणाली, "काकू, खिडकीवरचे सर म्हणाले, रडून उपयोग नाही. ह्या कॉलेजात एक क्लार्क होते, त्यांनी हजेरी कमी म्हणून स्वतःच्या मुलीचासुद्धा फॉर्म घेतला नव्हता. मग तू कोण लागून गेलीस?" मग पाणी प्यायली आणि हळूच म्हणाली, "कसला माणूस असेल काकू तो." माझ्या हातात कुळथाच्या पिठीचं पातेलं होतं. ते खाली ठेवलं आणि मी मागील दारी जाऊन उभी राहिले. तुम्हाला जाऊन अठरा वर्षं झाली. अठरा वर्षांत मी तुमच्यावर एकदाही ओरडले नाही, कारण ओरडायला तुम्ही नव्हतात. आता लिहितेय.

आपल्या गावात कॉलेजाशिवाय आहे काय? दापोलीला शेतकी विद्यापीठ आहे, बागा आहेत, बाहेरची माणसं येतात जातात. आपल्याकडे सड्यावरची, गावावरच्या त्या उघड्या कातळमाळावरची, जांभ्या दगडाची इमारत, आर्ट्स आणि कॉमर्स, आणि तिच्या जिवावर जगणारे आपण सगळे. ज्याच्या घराला एक खोली जास्तीची, त्याने ती मुलींना भाड्याने दिलेली. झेरॉक्सवाला, चहाची टपरी, शिंपी, माझी खाणावळ, सगळ्यांची घड्याळं कॉलेजच्या घंटेवर. सकाळची एसटी सड्यावर मुलं उतरवते तेव्हा गाव जागं होतं, आणि मे महिन्यात टपरीवालाही बाकडं उलटं घालून आंब्याच्या पेट्या भरायला जातो. अशा गावात माणसाला स्वतःचं नाव नसतं. कुणी अमक्या सरांची बायको, कुणी लायब्ररीवाल्याचा भाऊ. मी कोण? "बापानं जिचा फॉर्म अडवला ती." दुसऱ्या गावात अशी गोष्ट जुनी होते, लोक विसरतात. इथे दर जूनला नवी मुलं येतात. गोष्टीला दर वर्षी नवे कान मिळतात, बाबा, ती म्हातारी होतच नाही.

मी तिसऱ्या वर्षाला होते. श्रावणात आई पाखाडीच्या दगडी पायऱ्यांवर घसरली. शेवाळ धरलेलं, डोक्यावर पाण्याची कळशी, आणि पाय मांडीपासून मोडला. रत्नागिरीला नेऊन प्लास्टर घातलं आणि डॉक्टर म्हणाले, तीन महिने उठायचं नाही. त्या संध्याकाळी तुम्ही पडवीत बसला आहात, टोपी गुडघ्यावर ठेवली आहे, आणि मला सांगताय, "बाय, आईचं सगळं तुलाच बघायला हवं. कॉलेजची चिंता करू नको. मी आहे ना ऑफिसात." हे तुमचे शब्द. मी ते घडी घालून ठेवल्यासारखे जपले आहेत. तीन महिने मी आईची उठबस केली, भाकऱ्या केल्या, तुमचा डबा सकाळी साडेनवाला भरून दिला. तुम्ही तो डबा घेऊन त्याच कॉलेजात जात होता आणि त्याच कॉलेजात माझी गैरहजेरी लागत होती. एका रविवारी मी विचारलंही, "बाबा, हजेरीचं काय होईल?" तुम्ही पेपरातून डोकंसुद्धा वर केलं नाही. "बघू," म्हणालात.

मग फॉर्म भरायचा दिवस. थंडीत सड्यावर वारा असा सुटतो की कागद हातात राहत नाही. खिडकीसमोर वीस-पंचवीस मुलं रांगेत उभी होती, माझ्यामागे माझ्या वर्गातल्या दोघी. माझा नंबर आला. मी फॉर्म आत सरकवला. तुम्ही वही उघडलीत, बोट फिरवलंत, आणि माझ्याकडे बघून म्हणालात, "तुमची हजेरी कमी आहे. फॉर्म घेता येणार नाही." तुमची. जन्मात तुम्ही मला अहोजाहो केलं नव्हतं. मी हसले. मला वाटलं लोकांसमोर तसं बोलायचं असेल, नंतर घेतील. तुम्ही फॉर्म माझ्याकडे परत सरकवलात आणि म्हणालात, "पुढचे या." मागची मुलगी पुढे आली. मला बाजूला व्हावं लागलं. तेवढ्यात मागून एक प्राध्यापक म्हणाले, "याला म्हणतात माणूस." बाबा, तुमची गोष्ट तिथल्या तिथे जन्मली. मी अजून व्हरांड्यातच होते.

घरी तुम्ही जेवताना एवढंच बोललात, "नियम सगळ्यांना सारखा." आई खाटेवरून रडत होती, स्वतःच्या पायाला शिव्या देत होती. तिला आजही वाटतं की माझं शिक्षण तिच्या पायाने गेलं. तुम्ही ते तिला वाटू दिलंत. शनिवारी तुम्ही माझ्यासाठी मनगटी घड्याळ आणलंत, बारीक पट्ट्याचं, आणि "पुढच्या वर्षी बस" म्हणालात. मी ते हातात घातलं, आणि खरं सांगते, मला तुमचा अभिमान वाटला. विसाव्या वर्षी माणूस किती मूर्ख असतं. मी मैत्रिणींना दाखवलं. माझा बाप कसा आहे बघा. पुढच्या वर्षी मी बसणार होतेच, पण वैशाखात पालीहून स्थळ आलं, मुलगा एसटीत कंडक्टर, आणि तुम्ही म्हणालात, मुलगा चांगला आहे, थांबवून चालणार नाही. परीक्षेचं नावही तुम्ही काढलं नाही. मीही काढलं नाही.

नंतर ह्यांची बदली इथल्या डेपोत झाली आणि आम्ही गावात परत आलो. तुम्ही निवृत्त झालात तेव्हा निरोप समारंभात तीन जणांनी ती गोष्ट सांगितली. मी मागे बसले होते. प्रत्येक वेळी लोक मान वळवून माझ्याकडे बघत, आणि तुम्ही मान खाली घालून थोडंसं हसत. तुम्ही स्वतःच्या तोंडाने ती गोष्ट कधीही सांगितली नाही. त्याचंही लोक कौतुक करायचे, स्वतःबद्दल बोलत नाहीत म्हणून. तुम्हाला एकदा तरी म्हणता आलं असतं, "पुरे, ती पोर समोर बसलीय." तेवढं म्हणाला नाहीत.

आणि मग तुमच्या तेराव्याला शिपाईमामा आले. तुमच्याबरोबर त्याच ऑफिसात त्यांनी जन्म काढला. पंगत उठल्यावर ते माझ्याकडे आले, कानटोपी हातात चुरत उभे राहिले. म्हणाले, "बाय, एक गोष्ट पोटात आहे. माझंही वय झालं. तू मनाला लावून घेऊ नकोस." मग सांगितलं. ज्या दिवशी माझा फॉर्म परत आला, त्याच दिवशी दुपारी संस्थेच्या एका पदाधिकाऱ्याच्या भाच्याचा फॉर्म आला, तसा निरोप आदल्या दिवशीच आला होता. तो पोरगा सबंध टर्म मुंबईला होता, वर्गात चार दिवसही आला नसेल. "तुझ्या बाबांनीच वहीत हजेरी भरली. मी समोर उभा होतो. मला म्हणाले, खिडकी लाव." मी विचारलं, "कुणी वही बघायला मागितली नाही?" शिपाईमामा म्हणाले, "कोण मागणार गो? ज्यानं सकाळी स्वतःच्या पोरीला परत पाठवलं, त्याची वही कोण बघणार?"

म्हणजे माझा फॉर्म तुम्ही नियमासाठी अडवला नाहीत. त्या दुसऱ्या फॉर्मवर झाकण म्हणून मला ठेवलंत. मी अठरा वर्षं ह्यावर विचार करतेय, आणि तुमच्या बाजूने जितकं म्हणता येईल तितकं म्हणून पाहिलंय. तुम्हाला दटावलं असेल. नोकरी गेली असती तर आजारी बायको घेऊन कुठे गेला असता. हे सगळं मला समजतं. ह्या गावात संस्थेच्या माणसाला नाही म्हणणं म्हणजे काय, हे माझ्याइतकं कुणाला कळेल, माझी खाणावळ त्यांच्याच कॉलेजातल्या मुलांवर चालते. त्याचा फॉर्म घेतलात ते मी माफ करीन. पण मग माझाही घ्यायचा होतात. दोन खोट्या हजेऱ्या लिहायच्या होत्यात. एकच लिहिलीत, आणि जी लिहिली नाहीत तिच्यावर आयुष्यभर मोठेपणा मिरवलात. शिपाईमामा गेल्यावर मी ते घड्याळ विहिरीत टाकलं. त्याने काही झालं नाही. राग तसाच राहिला.

बुधवारी सकाळी मी त्या मुलीला घेऊन सडा चढले. खिडकीवरच्या माणसाने मला ओळखलं, उठून उभा राहिला, खुर्ची पुढे केली. मुलगी त्याच्याकडे, मग माझ्याकडे बघत राहिली. मी म्हटलं, "तुम्ही जी गोष्ट हिला सांगितलीत ना, त्यातली मुलगी मी, एवढंच सांगायचं राहिलं तुमचं." त्याचा चेहरा पडला. मी तशीच प्राचार्यांच्या केबिनमध्ये गेले. बाई नव्या आहेत, पुण्याच्या. मी आवाज चढवला, हो, चढवला. म्हटलं, "हिच्या आईला कावीळ होती. हिने टोपली घेऊन घर चालवलं. त्याची हजेरी तुमच्याकडे कुठे लागते?" बाईंनी डॉक्टरांचा कागद बघितला, दिवाळीच्या सुट्टीत जादा तास करायला लावीन म्हणाल्या, आणि सही केली. पाच मिनिटांचं काम. पाच मिनिटांचं होतं ते, बाबा, तेव्हाही. बाहेर पडताना बाई म्हणाल्या, "शनिवारी वर्धापनदिनाला तुमच्या वडिलांचा फोटो ऑफिसात लावतोय. तुम्हीच दोन शब्द बोला ना. तुमच्या तोंडून ती गोष्ट ऐकायला सगळ्यांना आवडेल." मी लगेच होय म्हटलं. मनात ठरवलं, सगळं सांगायचं. त्या दुपारचं, त्या भाच्याचं, त्या बंद खिडकीचं. नवीन मुलांना एकदा पूर्ण गोष्ट मिळू दे.

काल शनिवार झाला. सभागृह भरलेलं. आईला रिक्षाने नेलं होतं, पहिल्या रांगेत बसवलं होतं. ब्याऐंशीची झालीय, कानाने कमी ऐकू येतं, म्हणून हात कानामागे धरून माझ्याकडे बघत होती. दाभोळची मुलगी मागे भिंतीला टेकून उभी होती. मी बोलायला लागले. श्रावण, पाखाडी, कळशी सांगितली, आणि आईने मान खाली घातली. खिडकीपर्यंत आले. तुम्ही मला परत पाठवलंत ते सांगितलं. पुढचं वाक्य जिभेवर होतं, "आणि त्याच दिवशी दुपारी." मी श्वास घेतला, आणि लोकांना वाटलं गोष्ट संपली. टाळ्या सुरू झाल्या. मला हात वर करून थांबवता आलं असतं. मी माइक खाली ठेवला.

त्या मुलीने मला नंतर काही विचारलं नाही. आज दुपारी जेवायला आली, ताट धुऊन गेली. तिला मी सांगणार आहे, बहुतेक सांगीन. हे कागद कुणाला दाखवणार नाही, आईला तर नाहीच. पण तुम्हाला सगळं ऐकवलंय तर एवढंही ऐका. टाळ्या बराच वेळ वाजत होत्या, लोक उभे राहिले होते, माझ्याकडे बघत होते. आणि मी मान खाली घातली होती, आणि मला ते आवडत होतं.