बॅटरी शंभर टक्के

२ मार्च, रविवार. मस्कत.

झालं एकदाचं चालू! मोहन्याला गावच्या घरावर सहा सोलर पॅनेल, जिन्याखाली बॅटरी. आता बघू आसावरी काय बोलते. फेब्रुवारीत चार तास लाइट गेलेली, बाबांचं ऑक्सिजनचं मशीन बंद पडलं, शेजारच्या विठ्ठलकाकांनी धावपळ करून सिलिंडर आणला. तेव्हापासून बहीणबाईंचा एकच धोशा: आई-बाबांना कोपरला माझ्या फ्लॅटवर नेते. लाइटची सोय करायला अक्षय तृतीयेपर्यंत मुदत दिलीये मला. मला! घर मी बांधलं. अकरा वर्षं इथे उन्हात काढून, त्या दोघांसाठी बांधलं. तिथून त्यांना कोणीही हलवणार नाही.

ॲप फक्त माझ्या मोबाईलवर. पासवर्ड कोणालाही दिलेला नाही.

संकल्प: ॲप दिवसातून दोनदाच बघायचं.

३ मार्च

एकोणतीस वेळा बघितलं. पहिला दिवस, चालायचंच.

साडेअकराला एकदम हजार वॉट! लगेच फोन लावला. आई म्हणाली, इस्त्री करतेय. म्हटलं, कुठे जायचंय? म्हणाली, कुठे नाही. मग इस्त्री कशाला? म्हणाली, बरं.

समजूतदार आहे आई. एकदा सांगितलं की पुरे.

८ मार्च

चार वेळा सांगावं लागलं. मिक्सर, पंप, परत मिक्सर, आणि ओट्यावरचा दिवा. हा दिवा रोज सातला लागतो तो दहापर्यंत. आई म्हणते, अरे कोणी आलं-गेलं तर अंधार नको. कोण येतंय? जगनला सांगून त्या दिव्याला मोबाईलवर चालणारं बटण बसवून घेतलं. जगन म्हणजे सोलरवाल्यांचा माणूस, खोपटहून बाइकवर येतो. आता मी सव्वासातला मस्कतहून दिवा बंद करतो. आई पुन्हा लावते. मी पुन्हा बंद करतो. आज साडेसातला तिने हार मानली.

रूममेट तानाजी विचारत होता, किती वॉटचा आहे? म्हटलं, नऊ. हसत सुटला. दूरदृष्टी नसली की माणूस असाच हसतो.

१९ मार्च. दुपार.

घात! रोज अकरा ते तीन दोन पॅनेलचं जनरेशन निम्म्यावर येतंय. तक्रार नोंदवली. जगन गेला, रिपोर्ट दिला: सर्व ओके. पुन्हा तक्रार. पुन्हा ओके. रात्री झोप नाही. पॅनेल नकली दिले असणार. आपण परदेशात, घरी दोन म्हातारी माणसं, मग काय, लुटा!

२२ मार्च

तिसरी तक्रार. जगन म्हणाला, साहेब, फोटो पाठवतो पण काकूंना सांगू नका.

फोटो बघितला. दोन पॅनेलवर आईचं जुनं पातळ अंथरलेलं. त्यावर कुरडया.

म्हणजे कंपनीचा माणूस दोनदा येऊन, आईच्या हातचा गव्हाचा चीक वाटीभर खाऊन 'ओके' लिहून गेला! मी आईला पाऊण तास फैलावर घेतलं. ती म्हणाली, अरे किती छान तापतात, धूळ नाही, कावळा बसत नाही, आणि या तुझ्याचसाठी केल्यात. म्हटलं, मला कुरडया नकोत, युनिट हवेत.

बरं, म्हणाली.

२९ मार्च

फॅमिली ग्रुपवर नियमावली टाकली. एकूण अकरा नियम. बॅटरी पन्नास टक्क्यांच्या खाली न्यायची नाही, हा पहिला. लाइट कधी जाईल सांगता येतं का? बॅटरी भरलेली असली तरच बाबांचं मशीन चालणार. आसावरीने विचारलं, यात मशीन कितव्या नंबरावर? मी लिहिलं: मशीन चालवायचंच, पण गरजेपुरतं. उगाच रात्रभर नको.

बाबांनी अंगठ्याचा इमोजी टाकला. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी मला अंगठा पाठवला. बरं वाटलं.

३० मार्च. पाडवा.

व्हिडिओ कॉल. बाबांना धाप लागलेली दिसली. सणाची दगदग, दुसरं काय. कधी येतोस, हे त्यांनी विचारलं नाही. उलट म्हणाले, सर्वेश, आज किती टक्के रे? म्हटलं, ब्याण्णव. छान, म्हणाले.

पंचाहत्तराव्या वर्षी माणूस टेक्नॉलॉजीत रस घेतोय! इतकी वर्षं आमच्यात बोलायला विषयच नव्हता. आता रोज आहे.

१० एप्रिल

चमत्कार. रात्रीचा वापर चारशे वॉटवरून साठवर आला. सकाळी उठून बघतो तर बॅटरी पंच्याऐंशी. शिस्त लागली की हे असं होतं.

तानाजीने जेवताना विचारलं, मग रात्री बाबांचं मशीन चालत नाही का? याला ना, दुसऱ्याच्या आनंदात मीठ कालवायची सवय. तरी फोन केला. बाबा म्हणाले, बरा... आहे. मध्ये थांबले. रेंजचा प्रॉब्लेम. मशीनची गरजच कमी झालेली दिसते. मोहन्याला हवा मोकळी, त्यात सोलर.

१७ एप्रिल

आज खरी परीक्षा. तिथे अंधार पडल्यावर दीड तास लाइट गेली. इथे ऑफिसात मी मीटिंगमध्ये टेबलाखाली ॲप धरून बसलेलो. सत्त्याण्णव. शहाण्णव. पंच्याण्णव. लाइट आली. पास! स्क्रीनशॉट आसावरीला. तिने लिहिलं, दीड तास मशीन चालून फक्त दोन टक्के?

हिला कौतुक करायला जड जातं.

२४ एप्रिल

तीन दिवस झाले, बॅटरी शंभर टक्के. वापर बारा वॉट, फक्त वायफायचा. फ्रिजसुद्धा बंद! हे तर मीही सांगितलेलं नव्हतं. आईने स्वतःच्या डोक्याने केलंय.

आता फोन करायची गरजही उरलेली नाही. ग्राफ सगळं सांगतो.

३० एप्रिल. अक्षय तृतीया.

मुदत संपली, मी जिंकलो. ग्रुपवर टाकलं: 'शंभर टक्के. आई-बाबा आपल्या घरात, आपल्या विजेवर. कोणाला काही बोलायचंय?'

पाच मिनिटांत आसावरीचा फोन.

रात्री ९

लिहून ठेवतो. सतरा तारखेचा तो स्क्रीनशॉट बघून ती दुसऱ्याच दिवशी मोहन्याला गेलेली. बाबा खाटेवर गुडघ्यांवर हात टेकून बसलेले, ओठ निळे. मशीनवर टॉवेल टाकून ठेवलेला. तिने विचारलं तर म्हणाले, सर्वेशची बॅटरी उतरते गं. आई म्हणाली, तो फोन करतो मग.

तीन दिवस हॉस्पिटल. एकवीस तारखेपासून दोघं कोपरला. फ्रिज आसावरीने रिकामा करून बंद केला. मला का नाही कळवलंत, म्हणून मी ओरडलो. आई म्हणाली, तू तिकडे एकटा, घाबरला असतास. आणि तुझा फोनही आला नाही रे, म्हटलं कामात असशील.

मी तेरा दिवस फोन केलेला नाही. आत्ता मोजले.

१ मे

इन्व्हर्टरचं सेटिंग बदलायला हवं होतं. नियम नीट समजावून सांगायला हवे होते. आसावरीनेही आधी स्पष्ट बोलायला हवं होतं.

नाही. मीच. मीच लिहिलेलं, गरजेपुरतं.

४ मे, रविवार

कोपरला व्हिडिओ कॉल. बाबांच्या नाकात नळी, मशीनचा घुर्र घुर्र आवाज येत होता. तिथे बॅटरीबिटरी काही नाही, आसावरीने दोन सिलिंडर भरून ठेवलेत. बाबा आता सलग बोलतात. म्हणाले, सर्वेश, आज किती टक्के रे?

शंभर, म्हटलं.

छान, म्हणाले.

आईने डबा कॅमेऱ्यासमोर धरला. कुरडया बरोबर आणल्यात तिने. येशील तेव्हा तळीन, म्हणाली.

बरं, म्हटलं.

मोहन्यात सात वाजले तेव्हा इथून ओट्यावरचा दिवा लावला. बॅटरी अगदीच पडून राहिली तर खराब होते, असं कुठेतरी वाचलेलं. दहाला बंद करायचं ठरवलंय.

रात्री ११

वापर: एकवीस वॉट. बारा वायफाय, नऊ दिवा. अजून बंद केलेला नाही.