शेवटून पहिल्या आलेल्या बाईचे आभार

नंदनवन, नागपूर

आदरणीय नत्थूजी,

विश्वनाथचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग हा लिहिण्यापुरता समजावा. खरा घातला, तर मला उठवायला दोन माणसं लागतील.) शोभावहिनींचा दमा पुण्याच्या हवेला रुळला का, आणि चिरंजीव हर्षितने तुमच्या तर्री-पोह्यांवर घातलेली बंदी अजून चालू आहे का, हे सवडीने कळवावं. इकडे पाऊस सरला आणि ऊन पुन्हा कामावर रुजू झालं. फोन सोडून पत्र काहून लिहून राहिला हा माणूस, असं तुम्ही म्हणाल. तर मला तुमचे आभार मानायचे आहेत, आणि फोनवर आभार मानू लागलो की तुम्ही मध्येच बोलता.

माझी मतं तुम्हाला ठाऊकच आहेत. कोराडीच्या वीज केंद्राच्या कॉलनीत ऑलिम्पिक आलं की तुमच्या खोलीत अर्धी पाळी जमायची आणि मी दारात उभा राहून सांगायचो, की हा सगळा बाजार आहे. ज्या शरबताने पोट सुटतं त्याची जाहिरात ज्याला पोटच नाही अशा माणसाच्या हातात. एक देश रुसतो, दुसरा बहिष्कार घालतो, तिसरा झोपडपट्ट्यांपुढे रंगीत फलक उभारून पाहुण्यांना हसून दाखवतो. तुम्ही चहा पुढे करायचे आणि म्हणायचे, "बरोबर आहे गा तुझं. पण आता बाजूले हो, शर्यत सुटून राहिली." सेवानिवृत्तीनंतर माझी मतं जास्तच पक्की झाली, कारण ती ऐकायला घरात एकच माणूस उरलं.

तेच माणूस पावसाळ्यात न्हाणीत घसरून पडलं. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, इथवर तुम्हाला माहीत आहे. पुढचं मी फोनवर बोललो नाही. ऑपरेशन उत्तम झालं होतं. डॉक्टर म्हणाले, आता चाला. आणि नंदिनी उठेना. दुखत नव्हतं तिला, भीती होती. पाय जमिनीला टेकला की तिचा चेहरा पांढरा पडायचा. सोनिका नावाची व्यायाम शिकवणारी मुलगी रोज सकाळी यायची, गोड बोलायची, रागवायची, आणि शेवटी माझ्या हातचा चहा पिऊन जायची (ही शिक्षा तिला का, हे मला आजवर कळलं नाही). आणलेला वॉकर भिंतीला टेकून होता. त्यावर मी टॉवेल वाळत घालू लागलो. बाहेरच्या खोलीतल्या दिवाणावर ही भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. मी करपवलेल्या भाजीलाही नावं ठेवीना. नत्थूजी, तेव्हा मात्र माझं धाबं दणाणलं. बेचव स्वयंपाक मुकाट्याने खाणारी बायको मी कधी पाहिली नव्हती.

तेवढ्यात तुमचा फोन आला, की जगभरच्या खेळाडूंच्या मैदानी स्पर्धा सुरू झाल्यात, वहिनींसमोर लावून दे. मी नाही म्हणालो. तुम्ही पुन्हा केला. मग हर्षितकडून तिकडूनच माझ्या टीव्हीवर ते काय असतं ते चालू करवलं आणि तिसऱ्यांदा फोन केला. मी वैतागून लावलं. निदान भिंतीऐवजी दुसरीकडे बघेल, एवढाच हिशेब.

पहिले दोन दिवस ही नुसती पाहत होती. तिसऱ्या दिवशी दुपारी बायकांची अडथळ्यांची शर्यत लागली. (माणसांना लाकडी ओंडक्यांवरून आणि डबक्यातून पळवतात. घोड्यांनी नकार दिला असावा.) त्यात कुठल्याशा चिमुकल्या बेटाची एक सावळी बाई होती. दुसऱ्याच फेरीत ती पाण्याच्या अडथळ्यावर आपटली, पार तोंडघशी. बाकीच्या पुढे गेल्या. ती डबक्यात बसून राहिली, मग उठली, एक बूट पायातून निघालेला, तो तिथेच टाकला आणि पळू लागली. मी स्वयंपाकघरातून वरणाची वाटी घेऊन आलो होतो. तो बूट पाहिला आणि मला राहवलं नाही. टीव्हीसमोर उभा राहून मी बूट कंपन्यांवर बोलू लागलो.

"अहो, बाजूले व्हा," नंदिनी म्हणाली.

मी म्हटलं, मुद्दा संपू दे.

"मले दिसून नाही राहिलं. ती पुन्हा त्याच पाण्यापाशी आली."

मी मुद्दा पुढे नेला. तेवढ्यात माझ्या खांद्यावर हात पडला आणि मी बाजूला ढकलला गेलो. वरण सदऱ्यावर सांडलं. वळून पाहतो तर नंदिनी उभी. माझा खांदा घट्ट धरून, स्वतःच्या दोन पायांवर उभी, आणि डोळे टीव्हीत. त्या बाईने डबकं ओलांडलं तेव्हा हिची बोटं माझ्या खांद्यात रुतली. बाकीच्या शर्यत संपवून पाणी पीत होत्या, आणि ती एका पायात बूट घालून शेवटचा वळसा घेत होती, आणि सगळं मैदान तिच्यासाठी टाळ्या वाजवत होतं. मी बोललो नाही. बोललो असतो तर ही खाली बसली असती. गरम वरण पोटावरून ओघळत होतं आणि मी खुंटीसारखा उभा होतो.

बाई पोहोचली. मग नंदिनीने खाली आपल्या पायांकडे पाहिलं.

"मी उभी आहे का हो?"

"हो."

"मग बसवा मले," ती म्हणाली आणि रडू लागली. मीही तिच्या शेजारी बसून रडून घेतलं. वरणाचं निमित्त सांगायला होतंच.

दुसऱ्या दिवशी तिने टॉवेल काढायला लावले. आता ऐका गंमत. दिवाणापासून स्वयंपाकघराच्या दारापर्यंत जाऊन यायला तिला जेवढा वेळ लागतो, जवळपास तेवढाच वेळ जाहिराती चालतात. शर्यत सुरू असताना ती जागची हलत नाही. शरबत लागलं, की वॉकर घेऊन निघते. ज्या कंपन्यांना मी आयुष्यभर शिव्या घातल्या, त्यांनी माझी बायको चालती केली. सोनिका तर म्हणाली, जाहिराती अजून लांब पाहिजेत. राजकारणाचंही तसंच. आपलं ज्यांच्याशी पटत नाही त्या देशाचा एक पोरगा लांब उडीत उतरला तेव्हा हिने टाळी वाजवली. शेजारच्या मारोतरावांनी भुवया चढवल्या. ही म्हणाली, "भाऊ, निघताना त्याच्या आईनंही त्याले काही बांधून दिलंच असंन ना." मारोतराव पुढच्या उडीला थांबले.

बाजार आहे हे माझं मत मी सोडलेलं नाही. पण नत्थूजी, त्या बाईचं पडणं काही कोणी विकत घेतलेलं नव्हतं, आणि उठणं तर नाहीच. लोक ते पाहायला बसतात, हे तुम्हाला कोराडीलाच कळलं होतं. तीनदा फोन केलात, त्या तिन्हींबद्दल आम्हा दोघांचे हात जोडून आभार. ती बाई कुठे राहते ते मला ठाऊक नाही, म्हणून तिचे आभारही तुम्हालाच.

आपला,
विश्वनाथ

ता. क. पुण्याला तुमच्या गॅलरीखालून मॅरेथॉन जाते, परदेशी धावपटू येतात आणि रस्ते बंद होतात, अशी तुमची तक्रार असते. नंदिनीला ती पाहायची आहे. तुम्ही आम्हाला बोलावल्याचं मी तिला सांगून टाकलं आहे. तरी कृपया बोलवावं.

ता. क. २. पाकीट चिकटवण्याआधी हिने पत्र वाचलं. म्हणते, "नत्थूभाऊंनी आणि शोभाताईंनी मले कधीचंच बोलावलं. तुम्हाले न्यावं की नाही, एवढंच ठरायचं आहे. गॅलरी लहान आहे आणि तुम्ही मध्ये उभे राहता." तेव्हा नत्थूजी, माझ्यासाठी जरा शब्द टाकावा. मी खाली बसून पाहीन.